लाल दांडी कोणी ओढली याबाबत

मी, नामे ओर्लीना, बिली टॅकेट याची विधवा, वय एकोणऐंशी वर्षे (घरच्या बायबलात जन्मसाल लिहिलेले आहे असे सांगतात, मी वाचलेले नाही), धंदा घरकाम व गोधड्या शिवणे, राहणार लॉस्ट मेअर खोरे, हार्गिस काउंटी, केंटकी. लिहिता-वाचता येत नाही. आज शेरीफच्या ठाण्यात समक्ष हजर राहून, डेप्युटी टॉड स्टॅम्पर याने विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी लग्न होऊन आल्यापासून राहते. माझ्या घराला लागून असलेल्या घरात माझा धाकटा मुलगा हर्शेल, वय चौपन्न, व त्याची बायको व्हर्ना असे राहत होते. आता व्हर्ना राहते. त्यांना मूलबाळ नाही.

डेप्युटीने मला सुरुवातीलाच सांगितले की, "मावशी, घडलं तेवढंच सांगा, इकडचं तिकडचं नको." त्यावर मी सांगितले की इकडचे सांगितल्याशिवाय तिकडचे कळणार नाही, आणि तुझी आजी नुसते मीठ मागायला आली तरी आमची दुपार घेऊन जायची, तेव्हा तुझ्या घराण्याने मला आवरते घ्यायला सांगू नये. मी सांगते तसेच लिही, तुझे शहाणपण त्यात घालू नकोस. त्याने तसे लिहिण्याचे कबूल केले आहे.

माझ्या घरावरच्या टेकडीला आमच्या कुटुंबाची दफनभूमी आहे. तिथे माझा नवरा बिली, त्याचे आईबाप व त्यांच्या मागची माणसे आहेत. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे थडगी सजवायचा दिवस असतो. ओहायो, इंडियाना, मिशिगन इकडे पोटासाठी गेलेली नात्यातली सगळी माणसे त्या दिवशी परत येतात, थडग्यांवर फुले ठेवतात, प्रवचन होते, गाणे होते आणि झाडाखाली जेवण होते. त्याआधी टेकडीवरचे गवत कापलेले असावे लागते. एखाद्या वर्षी ते राहिले तर डेट्रॉइटची माझी नणंद पुढल्या मे महिन्यापर्यंत फोनवर तेच बोलते.

ही कापणी हर्शेल करत असे. खाणीत वाकून काम केल्याने त्याचे गुडघे गेले होते, त्यामुळे हाताने ढकलायचे यंत्र त्याला चढावर झेपेना. तीन वसंतांपूर्वी एक गोल्फचे मैदान बंद पडले, तिथून त्याने वर बसून चालवायचा, गवत कापायचा जुना मोअर आणला. त्यात पात्यांची पेटी पुढे असते, माणूस तिच्या मागे बसतो आणि इंजिन त्याच्याही मागे असते. पेटी पुढे असल्याने ती तारेच्या कुंपणाखाली, देवदाराच्या खालच्या फांद्यांखाली आणि थेट थडग्याच्या दगडापर्यंत पोचते, माणसाला उतरावे लागत नाही. म्हणून त्याने तो घेतला.

मात्र त्याची वळायची चाके मागे असतात. समोर बघून चालवावे तर मागचे बूड कुठे फिरते आहे ते चालवणाऱ्याला कळत नाही. हा दोष माझ्या नवऱ्यातही होता. पहिल्या उन्हाळ्यात हर्शेलने कुंपणाकडून वळताना बुडाचा धक्का देऊन डेल्फिया आत्याचा दगड आडवा केला. जिवंतपणी तिला जागचे हलवायची कोणाची छाती नव्हती. मी हर्शेलला म्हटले, "अरे, आपली माणसं एकदा मेली तेवढं पुरे." तो आठवडाभर हसत होता. दगड त्याने सिमेंट घालून परत उभा केला.

मोअर जुना असल्याने त्याचे काही ना काही निघत असे. दुरुस्ती डेल्मर प्रॅट करायचा. डेल्मर याची खोऱ्याच्या तोंडाशी शेड आहे, तिथे तो मोअर व करवती दुरुस्त करतो. तो आमचा रक्ताचा नाही, लग्नाचाही नाही. आमच्या खोऱ्यात अशी माणसे कमीच. हर्शेल व तो एकाच खाणीत होते. तिथे डेल्मरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. राहिलेल्या बोटांनी तो जे करतो ते डेप्युटीच्या दहा बोटांनी होणार नाही, असे मी म्हटले असता, डेप्युटीने ते लिहायचे नाही असे सांगितले. मी लिहायला लावले.

डेल्मरने त्या मोअरची बेअरिंगे बदलली, पेटीचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, पात्यांना धार लावली. हे मी पाहिलेले आहे, कारण तो यंत्र माझ्या पडवीसमोर आणून काम करायचा. तिथे सावली आहे आणि मी कॉफी देत असे. तो कॉफी पिताना माझी टिंगल करायचा, मी त्याच्या टोपीची करायची.

मला सीटखालच्या बटणाबद्दल विचारण्यात आले. ते खरे आहे. सीटखाली एक बटण असते, माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद पडते. ते बिघडले होते आणि हर्शेल बसलेला असतानाच चढावर इंजिन बंद पडायचे. म्हणून हर्शेलने डेल्मरला त्याच्या तारा कायमच्या जोडून टाकायला सांगितले. डेल्मर म्हणाला, "करतो, पण करू नये असं तुला सांगून करतो. ओर्लीना मावशी, तुम्ही ऐकलंत ना?" मी ऐकले होते. त्याने तारा जोडल्या. हे चूक असेल तर चूक म्हणून लिहावे. पण माझा मुलगा मेला तेव्हा इंजिन बंद होते आणि पाती फिरत नव्हती. त्या बटणाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता दांडीबद्दल. या मोअरची चाके साखळीने फिरत नाहीत, आतल्या तेलाच्या दाबाने फिरतात. इंजिन बंद केले तरी ते तेल चाकांना धरून ठेवते, म्हणून चढावर तो जागचा हलत नाही. त्यामुळे ब्रेककडे कोणी लक्षच देत नाही. याचा ब्रेक झिजून नावापुरता राहिला होता आणि ते हर्शेलला माहीत होते. इंजिन बंद असताना यंत्र हाताने ढकलून न्यायचे असेल तर मागे, इंजिनाखाली, सायलेन्सरच्या बाजूला एक दांडी आहे ती बाहेर ओढावी लागते. ओढली की तेल चाके सोडते. सोडून दिली की दांडी स्प्रिंगने आपोआप आत जायला हवी. या मोअरची ती स्प्रिंग तुटलेली होती. डेल्मरने नवी शोधली, पण हा मोअर बनवायचे बंद झाल्याने ती मिळाली नाही. दुसऱ्या यंत्राची बसवून पाहिली, ती धरेना. मग त्याने दांडीचे टोक लाल रंगवले आणि हर्शेलला माझ्या पडवीसमोर उभे करून दाखवले. तो एप्रिल महिना होता.

तेव्हाचे बोलणे असे. डेल्मर म्हणाला, "ही ओढलीस की परत आत ढकलायची तुझी तू. चट् असा आवाज आला पाहिजे. नाहीतर हा मोअर नाही, उतारावर सोडलेला भोपळा आहे."

हर्शेल म्हणाला, "मला शिकवतोस होय रे?"

डेल्मर म्हणाला, "तुलाच. मावशींना शिकवायला लागत नाही, त्या ऐकतात."

हर्शेल म्हणाला, "ती ऐकते? तू तिच्या घरात राहून बघ एकदा."

एवढे बोलणे झाले. व्हर्ना त्या वेळी तिथे नव्हती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असते. घरी आल्यावर तिला कोणी काही सांगितले नाही. बायकांना यंत्राचे काय सांगायचे, अशी आमच्या पुरुषांची रीत आहे. मला ते कळले कारण मी पडवीत बसलेली होते आणि मी आहे हे ते दोघे विसरले होते.

यंदा थडगी सजवायच्या रविवारच्या आधी शुक्रवारी हर्शेल कापायला वर गेला, तेव्हा मोअरचा पट्टा तुटला. डेल्मर शनिवारी दुसऱ्या गावाहून पट्टा घेऊन आला व त्याने तो संध्याकाळपर्यंत बसवून दिला. त्यामुळे कापणी रविवारी सकाळवर गेली.

रविवारी सकाळी मला पिकअपमधून वर नेऊन देवदाराखाली खुर्चीत बसवले. त्यानंतर हर्शेल मोअर चालवत रस्त्यावरून चढ चढून फाटकातून आत आला. इंजिन चालू होते, तो सीटवर बसलेला होता, डोक्यावर त्याच्या बापाची टोपी होती. डेल्मरने शनिवारी दांडी बाहेरच ठेवली असेल का, असे मला विचारण्यात आले. नाही. दांडी बाहेर असती तर मोअर तो चढ चढलाच नसता. त्याने थडग्यांच्या वरच्या सगळ्या रांगांतले गवत कापले. हे मी व तिथे असलेल्या सगळ्यांनी पाहिले.

खालच्या दोन रांगा राहिल्या होत्या तेव्हा ब्रदर एनॉस हनिकट आले. ते आमचे प्रवचन करतात व गाण्याची ओळ देतात. आमच्या गाण्यात एकजण ओळ म्हणतो आणि मग बाकीचे सगळे ती ओढून म्हणतात. आमच्यात वाचता येणारे थोडे होते तेव्हापासून हे असे चालते. मला जेवढी गाणी येतात ती सगळी अशीच येतात. ओळ दिली जात असताना आमच्या टेकडीवर इंजिन चालत नाही आणि कोणी बोलत नाही. हे कोणी कोणाला सांगत नाही. खालच्या रस्त्याने कोळशाचा ट्रक जात असेल आणि ड्रायव्हर आमच्यातला असेल तर तोही बाजूला घेऊन इंजिन बंद करतो.

ब्रदर एनॉस यांना लवकर सुरू करायचे होते, कारण त्यांना दुपारी दुसऱ्या टेकडीवर जायचे होते. ते उभे राहिले आणि त्यांनी ओळ दिली. हर्शेलने लगेच इंजिन बंद केले. मोअर नेमका लोक आणि बिलीची रांग यांच्या मधल्या वाटेवर उभा होता. फुले घेऊन यायची तीच वाट. इंजिन परत चालू करता येत नव्हते. म्हणून तो हाताने ढकलून देवदाराच्या पलीकडे, कडेला नेण्याचे हर्शेलने हातवारे करून सांगितले. पुढून तो, बाजूंनी त्याचे चुलतभाऊ रॉय व डेनी असे लागले. दांडी ओढली गेली. मोअर सुटला व त्यांनी तो कडेला नेला. रॉयने चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावला. मग ते तिघे टोप्या काढून गाण्यात उभे राहिले.

गाणे बराच वेळ चालले. प्रवचनही. ब्रदर एनॉस यांना घाई असली की ते जास्त बोलतात. त्यानंतर जेवण झाले. चिकन व पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांची पातेली, शेंगा, मक्याचा पाव, माझा सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. हर्शेलने केकचे दोन तुकडे खाल्ले व तिसरा कागदात बांधून खिशात ठेवला. व्हर्ना त्याला म्हणाली, "तुला सीट लहान पडेल आता." तो म्हणाला, "सीट गोल्फवाल्यांची आहे, ते काय बारीक असतात?"

जेवणानंतर तो म्हणाला की लोक पत्ते पिसायच्या आत बापाची रांग कापून टाकतो. तो मोअरवर चढला. रॉयला म्हणाला, "ठोकळा काढ." रॉयने काढला. यात रॉयची चूक नाही, त्याला सांगितले ते त्याने केले. हर्शेलने किल्ली फिरवली. इंजिन एकदा घरघरले, लागले नाही. तेवढ्यात मोअर मागे निघाला. त्याचे तोंड चढाकडे होते. हर्शेलने पेडल दाबले, ब्रेक ओढला, मग चाक वळवले. ट्रॅक्टर मागे जाताना वळवतात तसे वळवले. याची वळायची चाके मागे असल्याने बूड कडेकडे गेले. कड उंच आहे. खाली रस्ता खोदलेला आहे. मोअर उलटा होऊन त्याच्यासकट खाली गेला.

मी खुर्चीत होते. मला उठता आले नाही. मला फक्त कडेपर्यंतचे दिसत होते. त्यानंतरचे मी पाहिलेले नाही, ऐकले. ते लिहायची गरज नाही, ते इतरांनी सांगितलेले आहे. अँब्युलन्स आली तेव्हा तिला घाई करावी लागली नाही.

त्याला त्याच आठवड्यात वर नेले. बिलीच्या शेजारी माझी जागा ठेवलेली होती, ती त्याला दिली. त्या रांगेचे गवत कापलेले नव्हते. रॉयने विळ्याने कापले.

डेल्मरने शनिवारी हात लावलेल्या मोअरनेच हर्शेलला मारले असे तोवर खोऱ्यात सगळे म्हणत होते. डेल्मर मातीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आला होता. तो अंगणात उभा राहिला, पडवीवर चढला नाही. व्हर्ना बाहेर गेली आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "उरलेल्या बोटांनी आणखी कोणाला मारायचंय?" तो हातातली टोपी डोक्यावर घालून गेला. त्यानंतर त्याच्या शेडच्या खिडक्या फुटल्या. कोणी फोडल्या ते मला माहीत आहे, पण तो या जबाबाचा विषय नाही. त्या माणसाने माझ्याकडे येऊन खाली मान घातली आहे आणि काच तोच बसवून देणार आहे. आता डेल्मरकडे कोणी काम नेत नाही. त्याची बायको दुकानात आली की बाकीच्या बायकांना एकदम काहीतरी आठवते आणि त्या दुसऱ्या कपाटाकडे जातात.

डेप्युटीने मला सांगितले की मोअर खालून वर काढला तेव्हा लाल दांडी पूर्ण बाहेर होती, आणि ती बाहेर ठेवून मोअर परत दिल्याबद्दल डेल्मर प्रॅट याच्यावर मनुष्यवधाचा गुन्हा लावायचे कागद उद्या सकाळी सरकारी वकिलाकडे जाणार आहेत. हे मला काल कळले. म्हणून मी आले. रॉय व डेनी यांनी आपण फक्त ढकलले, दांडीचे माहीत नाही, असे सांगितलेले आहे. ते खरे बोलतात. दांडी ओढली तेव्हा त्यांची तोंडे पुढे होती. माझी खुर्ची मागे होती.

मला इथे व्हर्नाने आपल्या मोटारीतून आणले आहे. ती बाहेर बाकावर बसलेली आहे. ही खोली आणि तो बाक यांच्यामधली भिंत छतापर्यंत पोचत नाही, हे मी आल्याबरोबर पाहिले. वाटेत व्हर्ना मला म्हणाली, "आई, सगळं सांगा. काही मागे ठेवू नका. त्या माणसाला दया दाखवायची नाही." मी "बरं" म्हटले. ती माझी सून आहे. तिची आई गेली तेव्हापासून ती मला आई म्हणते, त्याआधी बाई म्हणायची. हिवाळ्यात माझ्या चुलीची लाकडे ती फोडते. हर्शेल गेल्यापासून ती माझ्याकडे झोपते. झोपते म्हणजे आडवी होते.

यापुढचा भाग मी डेप्युटीला हळू आवाजात सांगत आहे व दार लावून घ्यायला सांगितले आहे. पंखाही लावायला सांगितला. तो आवाज करतो.

ब्रदर एनॉस यांची पहिली ओळ संपून लोकांनी ती उचलली, तेव्हा हर्शेल मोअरच्या मागे गेला व त्याने दांडीकडे हात घातला. हात आत गेला नाही. ती जागा अरुंद आहे आणि सायलेन्सर तापलेला होता. हर्शेलचे हातमोजे मी विणते. त्याच्या पंजाला बिलीच्या मोज्यापेक्षा दोन फेरे जास्त लागतात. डेल्मर ती दांडी आकड्याने ओढायचा. व्हर्ना फुले घेऊन जवळच उभी होती. हर्शेलने तिला खूण करून बोलावले, आपल्या बोटाने आत दाखवले, आणि ओढायची खूण केली. व्हर्नाने फुले गवतावर ठेवली, हात घातला आणि दांडी ओढली. तिचे मनगट सायलेन्सरला लागले, ती ओरडली नाही, कारण गाणे चालू होते. हर्शेलने तिच्या मनगटावर फुंकर घातली व पुढे ढकलायला गेला. दांडी परत आत ढकलायची असते हे त्याने तिला सांगितले नाही. बोलायची वेळ नव्हती. नंतर तो विसरला. व्हर्नाला ती दांडी कसली ते आजही माहीत नाही. मनगटावरचा डाग ओव्हनचा आहे असे तिने मातीला आलेल्या बायकांनी विचारल्यावर सांगितले, लांबलचक सांगत बसायला नको म्हणून. यात तिची चूक नाही. डेल्मर प्रॅट याचीही नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे व त्या दिवसापासून आतापर्यंत कोणाजवळ बोललेली नाही.

डेप्युटीने मला विचारले की हे इतके दिवस का सांगितले नाही. मी त्याला विचारले की तू सांगितले असतेस का.

दांडी हर्शेलने ओढली असे सांगायचे मी घरून ठरवून निघाले होते, हेही लिहावे. त्याला आता कोणी पकडून नेणार नाही. डेल्मर सुटला असता आणि व्हर्नाही. पण डेप्युटीने मला एकच विचारले, "मावशी, त्याचा हात आत जात होता?" शिवाय वाटेत मला वाटले की तो मेलेला आहे, तेवढे त्याला पुरे आहे, आईने आणखी काही त्याच्यावर टाकू नये. आणि खटला झालाच असता तर डेल्मरने तिथे आकड्याने का ओढावे लागते हे कोर्टात दाखवले असते, हर्शेलचा हात आत जात नव्हता हे उघड झाले असते, मग आपण काय ओढले ते व्हर्नाला सगळ्यांसमोर कळले असते. ते मला नको आहे.

मी डेप्युटीला विचारले की हा कागद व्हर्नाला बघायला मिळेल काय. तो म्हणाला की मिळेल, ती मयताची बायको आहे, मागितला तर द्यावा लागेल. मी विचारले, कधी. तो म्हणाला, "उद्या सकाळी वकिलाकडे गेला की." मी म्हटले, म्हणजे आजचा दिवस माझा आहे. तो म्हणाला, "आहे." मी त्याला सांगितले की ती मागायला येईल तेव्हा तिला हे आधीच माहीत असेल. तो म्हणाला, "मावशी, मी सांगू का? किंवा ब्रदर एनॉसना बोलावू?" मी सांगितले की ब्रदर एनॉस यांनी सांगायला घेतले तर ती म्हातारी होईल. आणि तू टॉड, तू तर लहानपणी कुत्रं मेलं म्हणून सांगायला आलास तेव्हा आधी हवापाण्याचे बोललास. ते माझे काम आहे. तिने मला सगळे सांगायला सांगितलेले आहे.

आमच्या घराचा रस्ता इथून लांब आहे आणि वळणाचा आहे. ती चालवत असताना मी तिला सांगणार नाही. पुलापलीकडे चर्चचे पटांगण आहे, तिथे मला पाणी प्यायचे आहे म्हणून मोटार थांबवायला लावीन, किल्ली काढून माझ्याकडे घेईन, मग सांगेन. परत यायला उशीर होईल. रॉयला फोन करून कोंबड्या आत घ्यायला सांगावे अशी मी डेप्युटीला विनंती केली, व त्याने तसा फोन केला आहे.

डेल्मर प्रॅट याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्याने माझ्या पडवीसमोर केलेले काम मी पाहिलेले आहे व तो माझ्याकडे पुन्हा आला तर त्याने पडवीवर चढावे.

मला लिहिता-वाचता येत नसल्याने हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवणे भाग आहे असे डेप्युटीने सांगितले. तो त्याने पहिल्यापासून वाचला. दार लावून सांगितलेला भाग आला तेव्हा मी त्याला थांबवले. पंखा बंद पडला होता आणि बाहेर व्हर्ना खोकली. तो भाग त्याने मनात वाचला, ठाण्याच्या कारकून लोरीन बाई यांनीही मनात वाचला व त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तो भाग कुठून कुठपर्यंत आहे ते डेप्युटीने मला बोट फिरवून दाखवले. मला वाटले होते त्यापेक्षा तो लहान आहे. मी तो त्यांच्या शब्दावर बरोबर मानते. बाकीचा ऐकला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. त्याखाली लोरीन बाईंच्या समक्ष माझा अंगठा उठवला आहे.